छोट्या वाफेच्या इंजिनात डिकोडर बसवताना : आधी तोडा, मग जोडा

एखाद्या घरातील कपाटात मागच्या पिढीने हौसेने आणलेले छोटे वाफेचे इंजिन अजूनही खोक्यासह जपून ठेवलेले असते. नाव वाफेचे, पण पोटात असते विजेवर चालणारी इवलीशी मोटर. नातवंडांनी डिजिटल नियंत्रणाचा नवा रेल्वेसंच घरी आणला, की पहिला मोह होतो तो हे जुने इंजिन नव्या रुळांवर ठेवून पाहण्याचा. हा मोह आवरावा. इंजिन जागचे हलणार नाही. पोटातून गुणगुणल्यासारखा आवाज येऊ लागेल आणि मोटर तापत जाईल. पन्नास-साठ वर्षे टिकलेली तिची गुंडाळी अशा वेळी जळूही शकते.

जुने इंजिन नव्या रुळांवर चालवायचे, तर त्यात ‘डिकोडर’ नावाची, नखाएवढी किंवा फार तर टपाल तिकिटाएवढी इलेक्ट्रॉनिक पट्टी बसवावी लागते. या कामाविषयी सर्वसाधारण समज असा, की ते तारा जोडण्याचे काम आहे. वस्तुतः ते प्रथम तोडण्याचे काम आहे. मोटर आणि रूळ यांच्यातील प्रत्येक थेट विद्युतसंबंध शोधून तोडणे, हा त्याचा गाभा. एवढे साधले की पुढची जोडणी सोपी असते. हे राहून गेले, तर महागडा डिकोडर निमिषार्धात निकामी होतो.

रुळांतून जाणारा आदेश

जुन्या पद्धतीत रुळांतून शून्य ते १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश विद्युतदाब सोडला जाई. दाब वाढवला की वेग वाढे आणि धन-ऋण टोके बदलली की इंजिन उलट दिशेने धावे. रचना साधी होती. मात्र एकाच रुळावर दोन इंजिने ठेवली, तर दोन्ही एकदमच धावत. एकाला थांबवून दुसरे चालवायचे असल्यास रुळांचे विभाग पाडून प्रत्येकाला वेगळे बटण द्यावे लागे.

डिजिटल पद्धतीत रुळांत पूर्ण दाब सदैव असतो. छोट्या प्रमाणांच्या गाड्यांसाठी तो साधारणतः १२ ते १६ व्होल्ट असतो आणि त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत राहते. या उलटापालटीच्या लयीतच संदेश दडलेला असतो. अर्धे आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचे असेल, तर तो ‘एक’ हा अंक आणि १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून अधिक लांबीचे असेल, तर ‘शून्य’. अशा एक-शून्यांच्या मालिकेत प्रथम इंजिनाचा पत्ता, मग आदेश आणि शेवटी संदेश अचूक पोहोचला की नाही हे पडताळणारा भाग असतो. रुळांवरील प्रत्येक डिकोडर प्रत्येक संदेश ऐकतो. परंतु स्वतःच्या पत्त्यावर आलेला तेवढाच पाळतो. पोस्टमनने सगळी पत्रे चौकात मोठ्याने वाचून दाखवावीत आणि ज्याचे त्याने आपले तेवढे मनावर घ्यावे, असा हा प्रकार.

या पद्धतीचा पाया जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या कामावर उभा आहे. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या १९३५ साली स्थापन झालेल्या हौशी रेल्वेप्रेमींच्या संघटनेने ती स्वीकारून १९९० च्या दशकात तिची मानके ठरवली. त्यामुळे एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या नियंत्रकावर चालतो. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

जुने इंजिन नव्या रुळांवर का गुणगुणते, हे आता ध्यानात येईल. त्याच्या मोटरला सेकंदात हजारो वेळा ‘पुढे हो’ आणि ‘मागे हो’ असे सांगितले जाते. ती कुठेच जात नाही, नुसती थरथरते. आणि मिळालेली सारी ऊर्जा उष्णतेत जाते.

वाफेचेच इंजिन अवघड का?

डिझेल इंजिनाची प्रतिकृती म्हणजे जवळजवळ चौकोनी डबा. आत मोकळी जागा भरपूर असते. वाफेच्या इंजिनाचे तसे नाही. त्याचा बॉयलर गोल आणि निमुळता. त्यातही चाकांची पकड वाढावी म्हणून धातूचे वजन ठासून भरलेले. मोटर बहुधा चालकाच्या कक्षापर्यंत पोहोचलेली. दांड्या, खिट्ट्या आणि चाके सतत हलणारी. यातून डिकोडरसाठी जागा काढणे म्हणजे भरलेल्या एसटीत आणखी एकाला बसायला जागा करून देणे.

ज्या इंजिनाला कोळसा-पाण्याचा स्वतंत्र डबा, म्हणजे टेंडर असतो, तेथे उत्तर सोपे आहे. टेंडर बहुधा पोकळ असतो. डिकोडर तेथे ठेवावा आणि तारा इंजिनापर्यंत न्याव्यात. मात्र वळणावर इंजिन आणि टेंडर यांच्यातील कोन बदलतो, म्हणून या तारा बारीक, लवचीक आणि किंचित सैल असाव्यात. ताठ तार हलक्या टेंडरला रुळांवरून उचलून खाली पाडते. काही इंजिनांत दोहोंना जोडणारा धातूचा दांडाच वीज वाहून नेतो. तेथे तो दांडा कोणत्या रुळाशी जोडलेला आहे हे आधी तपासावे लागते.

टेंडर नसलेल्या, म्हणजे टाकी अंगावरच वागवणाऱ्या इंजिनात अशी मोकळीक नसते. चालकामागची कोळशाची पेटी, बाजूच्या टाक्यांची पोकळी किंवा कक्षाचे छत, एवढ्याच जागा उरतात. वजन कापून जागा करता येते. पण प्रत्येक ग्रॅमबरोबर ओढण्याची शक्तीही कमी होते, हे विसरू नये.

कानशी हाती घेण्यापूर्वी

जे इंजिन जुन्या पद्धतीच्या रुळांवर नीट चालत नाही, ते डिकोडर बसवल्यावरही नीट चालणार नाही. मळलेली चाके, वाळलेले वंगण, वाकलेला दांडा हे दोष डिकोडर झाकत नाही. उलट उघडे पाडतो. म्हणून आधी इंजिन स्वच्छ करावे, तेलाचा एकेक थेंब द्यावा आणि साध्या एकदिश विजेवर ते संथ वेगात सलग चालते की नाही, हे पाहावे.

त्यानंतर मोटरची भूक मोजावी. अँपिअरमापक मोटरच्या मार्गात जोडावा, १२ व्होल्ट दाब द्यावा आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, मोटर हाताने रोखून धरावी. त्या वेळी दिसणारा आकडा म्हणजे मोटर जास्तीत जास्त किती प्रवाह ओढू शकते त्याचे माप. छोट्या प्रमाणाच्या गाड्यांसाठी मिळणारे सर्वसाधारण डिकोडर सलग एक अँपिअरच्या आसपास प्रवाह पेलतात. त्याहून लहान आकाराचे याहून कमी. मोटरची कमाल मागणी डिकोडरच्या मर्यादेत बसायला हवी. जुन्या मोटरींचे चुंबक काळानुसार क्षीण होतात आणि मग त्या अधिक प्रवाह मागू लागतात. अशा वेळी नवा, शक्तिशाली निओडिमियम चुंबक बसवणे किंवा मोटरच बदलणे हिताचे ठरते.

सर्वांत महत्त्वाचा विच्छेद

ब्रिटनमधील ट्राय-अँग कंपनीचे ‘जिंटी’ हे सहा चाकी टाकी इंजिन उदाहरणादाखल घेऊ. हीच परंपरा पुढे हॉर्नबी या नावाने चालू राहिली. जिंटीतील ‘एक्स-झिरो-फोर’ ही मोटर त्या काळातील कित्येक इंजिनांत वापरली गेली. तिची विद्युतरचना एकदा समजली, की इतर जुनी इंजिनेही समजू लागतात.

या इंजिनात एका बाजूची चाके धातूच्या सांगाड्याशी विद्युतदृष्ट्या जोडलेली असतात. म्हणजे संपूर्ण सांगाडा हीच एका रुळाची तार झालेली असते. दुसऱ्या बाजूच्या चाकांवर पातळ धातूच्या पट्ट्या घासत राहून वीज उचलतात आणि ती सांगाड्यापासून अलग असलेल्या तारेने मोटरकडे जाते. मोटरच्या दोन्ही कार्बन ब्रशांना एकच स्प्रिंग आपल्या दोन बाहूंनी दाबून धरते. एका बाहूवर विद्युतरोधक नळी चढवलेली असते, दुसरा बाहू उघडा असतो. तो उघडा बाहू एका ब्रशाला सांगाड्याशी, पर्यायाने थेट रुळाशी जोडतो.

हीच ती जागा. जुन्या पद्धतीत एक तार वाचवणारी ही काटकसर होती. डिकोडरसाठी तीच घातक ठरते. डिकोडरच्या नाजूक स्विचांमधून निघणारी वीज मोटरकडे जाताना रुळांतील पूर्ण शक्तीच्या विजेला भिडते. नियंत्रक तीन ते पाच अँपिअर सहज देऊ शकतो. त्यापुढे एका अँपिअरचा डिकोडर किती टिकणार?

उपाय साधा आहे. स्प्रिंगच्या उघड्या बाहूवरही तशीच बारीक रोधक नळी चढवावी, त्या ब्रशाच्या धातूच्या पकडीला स्वतंत्र तार डाखून घ्यावी आणि दुसऱ्या ब्रशाची रुळाकडून येणारी जुनी तार सोडवावी. मग दोन्ही ब्रश फक्त डिकोडरशी बोलतील. हे करताना मोटरमधील फिरता भाग चुंबकातून विनाकारण बाहेर काढू नये. जुन्या प्रकारच्या चुंबकांची शक्ती त्याने आणखी घटते. दूरचित्रवाणीच्या चित्रात खरखर येऊ नये म्हणून मोटरला किंवा रुळांच्या जोडणीला लावलेला छोटा कपॅसिटर असेल, तर तोही काढावा. तो डिजिटल संदेश बिघडवतो.

आता मल्टीमीटर घ्यावा. मोटरच्या दोन्ही तारांपासून डाव्या चाकांपर्यंत, उजव्या चाकांपर्यंत आणि सांगाड्यापर्यंत, अशा सहा जोड्या तपासाव्यात. एकाही जोडीत मीटरने बीप देता कामा नये. चाके हाताने पूर्ण फिरवून हीच तपासणी पुन्हा करावी. कारण एखादा संपर्क विशिष्ट स्थितीतच घडतो. या पाच मिनिटांच्या कामाला पर्याय नाही. घाटातल्या ‘अति घाई संकटात नेई’ या पाटीची आठवण इथे ठेवावी.

रंगांची भाषा

यानंतरची जोडणी रंगांवरून करायची. हे रंग मानकांनीच ठरवून दिलेले आहेत. लाल तार उजव्या रुळाकडून येणाऱ्या विजेला आणि काळी डाव्या रुळाकडून येणाऱ्या विजेला जोडायची. उजवे-डावे ठरवताना इंजिनाचे तोंड पुढे आहे असे धरायचे. नारिंगी आणि करडी या दोन तारा मोटरच्या. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची आणि निळी ही सर्व दिव्यांची सामाईक धन तार. जिंटीत सांगाडा ज्या बाजूच्या रुळाशी जोडलेला असेल, त्या बाजूची तार सांगाड्याला आणि उरलेली वीज उचलणाऱ्या पट्ट्यांच्या तारेला जोडावी. मोटर उलट फिरली तर घाबरू नये. नारिंगी आणि करडीची अदलाबदल केली की झाले.

एलईडी दिवा लावताना मार्गात सुमारे एक हजार ओहमचा रोधक हवाच. त्याविना तो क्षणात जळतो. जुन्या इंजिनांतील दीड व्होल्टचा बारीक बल्बही डिकोडरच्या पूर्ण दाबावर टिकत नाही.

डाखकामासाठी राळयुक्त सोल्डर वापरावे. नळाच्या जोडांसाठी मिळणारे आम्लयुक्त रसायन बारीक तारा हळूहळू खाऊन टाकते. प्रत्येक उघडा जोड स्वतंत्र आवळनळीने झाकावा. मात्र डिकोडर कशातही पूर्ण गुंडाळून ठेवू नये, त्याला आपली उष्णता बाहेर टाकायची असते. धातूच्या पृष्ठभागावर उष्णतारोधक टेप चिकटवून त्यावर तो दुपदरी फोमच्या तुकड्याने बसवणे, हा चांगला मार्ग.

अलीकडच्या बऱ्याच इंजिनांत कारखान्यातूनच आठ किंवा एकवीस पिनांची खोबण येते. तेथे मोटर आधीच अलग केलेली असते आणि डिकोडर नुसता खोचायचा असतो. हे सारे विवेचन ज्यांत अशी खोबण नाही, अशा जुन्या इंजिनांसाठी.

पहिली फेरी मुख्य रुळांवर नको

डिजिटल नियंत्रकाला बहुधा ‘प्रोग्रॅमिंग रूळ’ नावाची वेगळी जोडणी असते. तिच्यातून अत्यल्प प्रवाह जातो. पहिली चाचणी तेथेच घ्यावी. डिकोडरचा पत्ता वाचायला सांगावे. नवा डिकोडर सहसा ‘३’ असे उत्तर देतो. हे उत्तर देण्यासाठी तो मोटरला क्षणभर वीज देतो आणि इंजिन किंचित दचकल्यासारखे हलते. उत्तर आले, म्हणजे वीज उचलणारे आणि मोटरचे असे दोन्ही मार्ग सुरळीत आहेत. उत्तर आले नाही, तर काहीतरी चुकले आहे. पण मर्यादित प्रवाहामुळे बहुधा काही जळलेले नसते. इंजिन मुख्य रुळांवर न ठेवता पुन्हा मल्टीमीटर हाती घ्यावा.

डिकोडरच्या स्मृतीत क्रमांक दिलेले कप्पे असतात. त्यांना सीव्ही म्हणतात. पहिल्या कप्प्यात पत्ता, दुसऱ्यात सुरुवातीचा दाब, तिसऱ्यात वेग घेण्याची गती, चौथ्यात थांबण्याची गती आणि पाचव्यात कमाल वेग. तिसऱ्या-चौथ्या कप्प्यांतील आकडे वाढवले, की इंजिन खऱ्या गाडीसारखे जडपणे सुटते आणि रेंगाळत थांबते. लांब पत्त्याची सोय वापरल्यास इंजिनाच्या अंगावरील चार आकडी क्रमांक हाच त्याचा पत्ता करता येतो.

चांगले डिकोडर मोटरची वीज अत्यल्प काळ थांबवून, ती स्वतः फिरताना किती दाब निर्माण करते हे मोजतात आणि त्यावरून तिचा खरा वेग ओळखतात. चढ लागला की आपोआप जास्त शक्ती, उतार लागला की कमी. जुने, अडखळणारे इंजिन मुंगीच्या पावलांनी चालू लागते ते यामुळेच.

वाफेचा आवाज

ध्वनी देणारा डिकोडर बसवायचा असेल, तर थोडे यंत्रशास्त्र ठाऊक हवे. वाफेच्या इंजिनातील दट्ट्या दोन्ही बाजूंनी वाफेचा रेटा घेतो. म्हणून दोन सिलिंडरच्या इंजिनात मोठ्या चाकाच्या एका फेरीत चार फुसकारे ऐकू येतात, तर तीन सिलिंडरच्या इंजिनात सहा. ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरचा विक्रम करणारे ब्रिटनचे ‘मॅलार्ड’ हे तीन सिलिंडरचे इंजिन होते. त्याच्या प्रतिकृतीतून चार फुसकारे निघाले, तर जाणकाराच्या कानाला ते खटकल्याशिवाय राहणार नाही.

स्पीकर नुसता चिकटवून चालत नाही. त्याच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींचा परिणाम पुसून टाकतात. त्यामुळे मागच्या बाजूला हवाबंद छोटी पेटी असावी लागते. सोबत वीज साठवणारे कपॅसिटर जोडता आले, तर मळलेल्या रुळावर वीज क्षणभर तुटली तरी इंजिन अडखळत नाही आणि आवाजही थांबत नाही. आखूड सहाचाकी इंजिनांना याचा लाभ सर्वाधिक.

आपली हवा, आपला घाट

गोव्यासारख्या दमट प्रदेशात या छंदाला एक वेगळी शिस्त लागते. पावसाळ्यात रुळांवर आणि चाकांवर ऑक्साइडचा थर लवकर चढतो. पितळी रुळांवर तो अधिक त्रासदायक ठरतो. निकेल-सिल्व्हरच्या रुळांवर तुलनेने कमी. जुन्या पद्धतीत वीज तुटली तर इंजिन नुसते थबकत असे. येथे विजेबरोबर आदेशही तुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ आणि चाके पुसण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

आपल्याकडील रेल्वेची प्रतिकृती उभारू पाहणाऱ्यांना डिजिटल पद्धतीचा खरा उपयोग घाटात जाणवेल. मुरगाव बंदराला कॅसलरॉकशी जोडणारी मीटरगेज रेल्वे १८८८ साली पूर्ण झाली. कुळ्याच्या पुढे दूधसागरावरून जाणारा तिचा घाट ३७ फुटांना एक फूट इतका उभा आहे. असा चढ ओढायला पुढे एक आणि मागे रेटणारे दुसरे इंजिन लागते. एकदिश विजेवर दोन वेगळ्या स्वभावांची इंजिने जुळवणे कठीण; डिजिटल पद्धतीत प्रत्येकाचा वेग स्वतंत्रपणे बांधून मग दोघांना एका आदेशाखाली आणता येते. मात्र १:८७ या प्रमाणात मीटरगेजचे रूळ केवळ १२ मिलिमीटर रुंद होतात आणि त्यावरील इंजिनाचा बॉयलर बोटाएवढा. जागेचा प्रश्न तेथे आणखी बिकट होतो. लघुरेल्वेचे विश्व प्रत्यक्ष पाहायचे असल्यास पुण्यात कोथरूडचे जोशी रेल्वे संग्रहालय आपल्याला जवळचे.

बदल करावा की करू नये?

प्रत्येक जुन्या इंजिनात डिकोडर बसवलाच पाहिजे असे नाही. मूळ खोक्यासह, मूळ रंगातले, क्वचितच चालवलेले इंजिन ही एका काळाची वस्तू असते. त्याचे वजन कापले, सांगाड्याला भोक पाडले, की ते पूर्ववत होत नाही. अशासाठी जुना एकदिश नियंत्रक आणि चार हात रूळ वेगळे राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे. परंतु जे इंजिन मुलांच्या हातून घासले गेले आहे, ज्याचा रंग उडाला आहे आणि जे धावण्यासाठीच बनले आहे, त्याला कपाटात कोंडून ठेवण्यातही न्याय नाही.

बदल करायचाच असेल, तर परतीची वाट मोकळी ठेवून करावा. काढलेली तार, स्क्रू, कपॅसिटर एका पाकिटात घालून खोक्यातच ठेवावेत. कोणती तार कोठून सोडवली आणि कोठे जोडली, याची साधी आकृती कागदावर काढून त्याच पाकिटात सरकवावी. उद्या हे इंजिन ज्याच्या हाती जाईल, त्याला आपण आत नेमके काय केले हे कळले पाहिजे. नाहीतर आज आपण मल्टीमीटर घेऊन जे शोधत बसलो, तेच त्यालाही नव्याने शोधावे लागेल.